प्रॉस्थोला एमडीएस करायचंय? सीट घेण्यापासून शेवटच्या प्रॅक्टिकलपर्यंत

इंटर्नशिप संपत आली की मुलंमुली भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो. "सर, प्रॉस्थो घेऊ का? इम्प्लांटला स्कोप आहे म्हणतात." मी उलट विचारतो, बीडीएसला असताना पहिल्या मापापासून पॉलिशपर्यंत स्वतःच्या हाताने किती कवळ्या केल्या? बहुतेक जण हसतात. कोटा भरायला दोन-तीन केलेल्या असतात. त्यातही दात टेक्निशियनने मांडलेले असतात आणि फ्लास्किंग (कवळी साच्यात भरणं) लॅबच्या मामांनी केलेलं असतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. प्रॉस्थोडॉन्टिक्स म्हणजे गेलेल्या दातांच्या, झिजलेल्या दातांच्या आणि कधीकधी गेलेल्या टाळूच्या किंवा डोळ्याच्या जागी काहीतरी बसवून माणसाचं खाणं, बोलणं आणि चेहरा परत मिळवून देण्याची शाखा. डिग्रीवर तिचं नाव 'प्रॉस्थोडॉन्टिक्स अँड क्राउन अँड ब्रिज' असं असतं आणि एमडीएसचा, म्हणजे बीडीएसनंतरच्या पदव्युत्तर पदवीचा, अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. या तीन वर्षांत ज्याला पूर्ण कवळी नीट जमली, त्याला बाकीचं सगळं शिकता येतं. कवळी टाळून थेट इम्प्लांटकडे धावलेल्यांची कामं दुरुस्त करण्यात आमच्यातल्या कित्येकांचा आठवड्यातला एक दिवस जातो.

ही शाखा आपली आहे का?

ओरल सर्जरीत रक्त असतं, ऑर्थोत दोन वर्षांची वाट असते. प्रॉस्थोत मेण, प्लास्टर आणि म्हातारी माणसं असतात. दिवसाचा निम्मा वेळ पेशंटशिवाय, बुनसेन बर्नरसमोर जाईल. एका पेशंटचं काम पाच-सहा भेटींत होतं आणि चौथ्या भेटीत कळतं की चूक दुसऱ्या भेटीत झाली होती. अशा वेळी मागे जाऊन पुन्हा माप घ्यायची तयारी असेल तर ही शाखा तुमची. "चालून जाईल" म्हणायची सवय असेल तर कृपा करून दुसरं काही बघा.

आणखी एक गोष्ट. म्हाताऱ्या माणसांशी बोलायला आवडलं पाहिजे. वाईचे एक आजोबा पिशवीतून तीन जुन्या कवळ्या काढून टेबलावर ओळीने मांडतात आणि प्रत्येकीची कथा सांगतात. ती कथा ऐकून घेतली नाही, तर चौथी कवळी तुमची असेल आणि तीही त्याच पिशवीत जाईल.

नीट-एमडीएस आणि काउन्सेलिंग

हा भाग थोडक्यात उरकतो, कारण याचे क्लासेस गल्लोगल्ली आहेत. परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं. २४० प्रश्न, तीन तास, ९६० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. पेपर दोन भागांत असतो. अ भागात १०० प्रश्न आणि ब भागात १४०. दोन्ही भागांना वेळ वेगवेगळा बांधून दिलेला असतो, म्हणून मॉक टेस्टही त्याच पद्धतीने द्या. दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा असते आणि ती वर्षातून दोनदा होते.

सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी (केंद्राची काउन्सेलिंग समिती) भरते, अभिमत विद्यापीठांच्या जागाही तीच भरते. राज्याच्या जागा आपल्या सीईटी सेलकडून भरल्या जातात. म्हणजे दोन्हीकडे नोंदणी, दोन्हीकडचे वेगळे वेळापत्रक आणि दोन्हीकडचे डिपॉझिट जप्त होण्याचे वेगळे नियम. रहिवासाच्या अटीबाबत मागच्या वर्षांच्या माहितीवर विसंबू नका. पदव्युत्तर वैद्यकीय जागांसाठी रहिवासावर आधारलेलं आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. तुमच्या वर्षाचं माहितीपत्रक छापून घ्या आणि पेन्सिलीने खुणा करत वाचा. सीनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला नियम त्याच्या वर्षाचा असतो.

सरकारी सीट घेणार असाल तर बाँडची कलमं वाचा. खाजगी घेणार असाल तर फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवली आहे का, हे पाहा आणि स्टायपेंड प्रत्यक्ष खात्यात जमा होतो का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. ऑफिसमध्ये विचारू नका.

कॉलेज बघायला कधी आणि कसं जायचं

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची सरकारी कॉलेजं आणि मुंबईचं नायर यांची नावं यादीत वर असतात, आणि त्याला कारण आहे. तिथे पेशंटची रांग असते. पण नावावर न जाता शक्य असेल तर स्वतः जाऊन या. मधल्या वारी, सकाळी अकराच्या सुमाराला जा. त्या वेळी डिपार्टमेंटच्या बाकांवर किती म्हातारी माणसं बसली आहेत ते मोजा. बाकं रिकामी असतील आणि भिंतीवर इम्प्लांट कार्यशाळेचे फोटो लागलेले असतील, तर समजून घ्या.

मग लॅबमध्ये जा. कास्टिंग मशीन आहे का, ते शेवटचं कधी चाललं, सिरॅमिक फर्नेसवर धूळ आहे का, सर्व्हेयर (दातांचा उतार तपासायचं यंत्र) कपाटात कुलूपबंद आहे की टेबलावर. पीजीच्या टेबलाखाली प्लास्टरचा चिखल वाळलेला दिसला तर मला आनंद होतो; तिथे काम चालतं.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाला घेऊन जा आणि विचारा: किती सीडी (पूर्ण कवळ्या) पूर्ण केल्या? कास्ट पार्शल (धातूच्या सांगाड्याची, काही दातांपुरती कवळी) किती? लॅबचं काम कोण करतं? इम्प्लांटचं पहिलं ऑपरेशन तुम्ही स्वतः करता की सर करतात आणि तुम्ही सक्शन धरता? पेशंटकडून इम्प्लांटचा खर्च घेतला जातो की किट कॉलेज देतं? कॅन्सर हॉस्पिटलमधून ऑब्ट्युरेटरचे (टाळूचं भोक बुजवणाऱ्या कवळीचे) पेशंट येतात का? या शेवटच्या प्रश्नाकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. मी मात्र त्यालाच सर्वांत जास्त वजन देतो. का, ते पुढे सांगतो.

पहिले सहा महिने: लॅब

ॲडमिशन झाल्यावर पहिल्या महिन्यात पैसे दोन गोष्टींवर घाला: फेसबोसह (वरच्या जबड्याची जागा मोजून घ्यायचं साधन) स्वतःचा सेमी-अ‍ॅडजस्टेबल आर्टिक्युलेटर (जबड्याच्या हालचालींची नक्कल करणारं यंत्र) आणि चांगले लूप्स (भिंगाचे चष्मे). लूप्स २.५ पटीपासून ३.५ पटीपर्यंतचे पुरतात. ते डोळ्यांसाठी तर हवेतच, पण मानेसाठी जास्त हवेत. पन्नाशीतल्या कुठल्याही डेंटिस्टला मान वळवून बघायला सांगा, पटेल. बाकी वॅक्स नाईफ, कार्व्हर वगैरे सीनियर जाताना देऊन जातात.

प्रीक्लिनिकलचे व्यायाम कंटाळवाणे असतात: आर्टिक्युलेटरवर दात मांडा, मोडा, पुन्हा मांडा. मेणाचे पॅटर्न घडवा, कास्ट करा. टायपोडॉन्टवर (सरावासाठीच्या नकली जबड्यावर) दात कापा. इथे एक युक्ती आहे. प्रत्येक व्यायामाचा फोटो काढा आणि महिन्याने स्वतःचाच पहिला फोटो पाहा. दात कापताना भिंतींचा उतार पुस्तकात सहा अंशांच्या आसपास सांगितलेला असतो. हातातून तो सुरुवातीला वीस-पंचवीस अंश होतो आणि ते डोळ्याला दिसतही नाही. फोटोत दिसतं.

माझी पीजीतली पहिली कवळी मी संध्याकाळी सहाला फ्लास्कमध्ये पॅक केली आणि घरी जायची घाई म्हणून थेट उकळत्या पाण्यात टाकली. सकाळी फ्लास्क उघडला तर जाड भागात स्पंजासारखी भोकं. मोनोमर (ॲक्रिलिकचा द्रव भाग) उकळून वाफ झाला होता. सरांनी कवळी हातात घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि काही न बोलता परत दिली. तेव्हापासून मी ७४ अंशांवर आठ-नऊ तासांचं लांब चक्रच वापरतो. फारच निकड असली तर ७४ वर दोन तास आणि मग १०० वर एक तास. त्या आजींना पुन्हा मापासाठी यावं लागलं. त्यांना एसटीचं भाडं मी दिलं, एवढीच काय ती भरपाई.

कवळी: इथे वेळ काढा

पेशंट खुर्चीत बसला की तोंड उघडायला सांगण्याआधी दहा मिनिटं बोला. दात कधी गेले, आधीच्या कवळीचं काय झालं, घरी जेवायला कोण असतं. पेशंटच्या स्वभावाचे हाउस यांनी केलेले चार प्रकार तुम्ही पाठ केलेलेच असतात: समजूतदार, काटेकोर, घाबरट आणि उदासीन. चौथ्या प्रकाराकडे नीट लक्ष द्या. मुलाने आग्रहाने आणलेले, स्वतःला कवळी नकोच असलेले आजोबा याच गटातले. त्यांना उत्तम कवळी दिली तरी ती डब्यात राहते.

मग हाड पाहा. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं आणि खालचं जास्त झिजतं. टॉलग्रेन यांनी २५ वर्षं पेशंटचा पाठपुरावा केला. १९७२ साली त्यांनी लिहिलं की खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट होते. शिवाय खाली कवळीला टेकायला जागाही वरच्यापेक्षा साधारण निम्मी, आणि मध्ये जीभ. म्हणून "खालची हलते" ही तक्रार तुम्हाला आयुष्यभर ऐकायची आहे. पेशंटला हे माप घ्यायच्या आधी सांगितलं तर ती माहिती ठरते, कवळी दिल्यानंतर सांगितलं तर सबब.

*माप.* पहिलं माप थोडं मोठं चालतं. त्यावरून स्पेशल ट्रे (त्याच पेशंटच्या मापाचा ट्रे) करा, कडा खोबणीच्या तळापासून दोन मिलिमीटर आखूड ठेवा. बॉर्डर मोल्डिंग, म्हणजे ट्रेच्या कडांना तोंडातच आकार देणं, ग्रीनस्टिकने (गरम केल्यावर मऊ होणाऱ्या कांडीने) थोड्या-थोड्या भागात करा. खालच्या मापात जिभेकडची बाजू निर्णायक असते. जीभ बाहेर काढायला सांगा, उजव्या-डाव्या गालाला लावायला सांगा आणि शेवटी गिळायला सांगा. वरच्या मापाला मागची कड कुठे थांबवायची, यासाठी 'आ' म्हणायला लावा. मऊ टाळू जिथून हलायला लागते तिथे खूण करा. बॉर्डर मोल्डिंग नीट झालं असेल तर शेवटचं माप घ्यायच्या आधीच ट्रे ओढून काढावा लागतो. सहज निघून येत असेल तर झिंक ऑक्साइड युजेनॉल किंवा लाइट बॉडी हे मापाचं कुठलंही मटेरियल त्याला वाचवणार नाही. पुन्हा करा.

*उंची आणि उच्चार.* विश्रांतीत वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर अंतर राहायला हवं. ते नाक-हनुवटीच्या मापाने काढा, पण भरवसा उच्चारांवर ठेवा. इथे आपल्याला आपली मराठी वापरायची आहे. इंग्रजी पुस्तकात साठ ते सत्तर अंक मोजायला सांगतात, कारण त्या भाषेत त्यात 'स' वारंवार येतो. आपल्याकडे 'सासू', 'सासवड' म्हणायला लावा, शिवाय 'चमचा', 'चार चौघं'. चमच्यातला दंत्य 'च' आपल्या भाषेचा खास आहे, आणि तो म्हणताना दात एकमेकांवर आपटत असतील तर उंची जास्त झाली.

वरच्या पुढच्या दातांची लांबी तपासायला पुस्तकात 'फ' आणि 'व' दिले आहेत, म्हणजे दाताची धार खालच्या ओठाला टेकली पाहिजे. पण गावाकडची जुनी माणसं 'फळ', 'फूल' दोन्ही ओठांनी म्हणतात, दाताचा संबंधच येत नाही. मी विद्यार्थी असताना या 'फ'वर विसंबून एका आजोबांचे दात निष्कारण लांब ठेवले होते. 'व' मात्र सगळ्यांचा दाताने येतो. 'वावर', 'विहीर', 'वीस' म्हणायला लावा. आणि 'त', 'द' म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते, म्हणून 'ताट', 'दादा' म्हणताना अडखळले तर दात फार मागे किंवा पुढे गेलेत.

*मांडणी आणि ट्राय-इन (मेणातली कवळी तोंडात लावून बघणं).* लग्नातला जुना फोटो मागवा. नसेल तर मुलीचे किंवा मुलाचे दात पाहा. बत्तीशी सरळ रेषेत, पांढरीशुभ्र मांडायची हौस असते. सत्तरीच्या चेहऱ्यावर ती दुरूनच कवळी म्हणून ओळखू येते. ट्राय-इनच्या दिवशी घरचं एक माणूस सोबत आणायला सांगा, शक्यतो बायको किंवा नवरा. पेशंट आरशात पाहून "छान" म्हणतो आणि घरी गेल्यावर बायको म्हणते, "हे काय, तोंड पुढे आलंय." ती तक्रार मेणात असतानाच येऊ द्या.

फेसबो ट्रान्सफर आणि गॉथिक आर्च ट्रेसिंग (जबडा हलवून बाणाच्या आकाराची रेघ उमटवून घेणं) परीक्षेसाठी करतात असा समज आहे. पहिल्या वीस पेशंटला तरी ते करा. बाण टोकदार आला की जबडा खरोखर मागे, आरामात बसलाय हे डोळ्यांना दिसतं, आणि हाताला ती जाणीव कायमची राहते. नंतर तुम्ही ट्रेसिंग न करताही ओळखाल.

*कवळी दिल्यावर.* देण्याआधी लॅबमध्ये रिमाउंट करून (कवळी पुन्हा आर्टिक्युलेटरवर बसवून) चाव तपासा, कारण शिजताना ॲक्रिलिक थोडं सरकतंच. दिल्यावर २४ तासांनी बोलवा, मग आठवड्याने. पहिले दिवस वरण-भात, खिचडी, उपमा. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावायचं. रात्री काढून पाण्यात ठेवायची. गरम पाण्यात नाही, वाकडी होते. टूथपेस्टने ओरखडे पडतात, साबण आणि मऊ ब्रश पुरे. हे सगळं मराठीत छापलेला कागद हातात द्या, मोठ्या अक्षरात, कारण चष्मा बहुधा घरी राहिलेला असतो.

महिन्याने आजी आल्या आणि "भाकरी खाल्ली" म्हणाल्या, की त्या केसची नोंद लॉगबुकात पूर्ण झाली समजा.

पार्शल, क्राउन, ब्रिज

कास्ट पार्शल आपल्याकडे दुर्लक्षित राहिला आहे, कारण सर्व्हे करायला वेळ लागतो आणि पेशंटला "फिक्स" हवं असतं. केनेडी यांनी १९२५ मध्ये केलेलं वर्गीकरण सगळ्यांना पाठ असतं. तोंडात रेस्ट सीट (पार्शल टेकायची दातावरची खाच) कापायच्या आधी सर्व्हेयरवर कास्ट (तोंडाचा प्लास्टरचा नमुना) ठेवून डिझाइन काढलेलं मात्र क्वचित दिसतं. मग लॅब आपल्या मनाने क्लॅस्प (दाताला धरणारे आकडे) टाकते. तुमचं डिझाइन तुम्ही रंगीत पेन्सिलीने काढा आणि कास्टसोबत पाठवा.

क्राउनबद्दल तीनच गोष्टी. रंग दात कापायच्या आधी घ्या, कारण कापताना दात सुकतो आणि पांढरट दिसतो; आणि तो ट्यूबलाइटखाली न घेता खिडकीपाशी घ्या. मार्जिन (कापलेल्या दाताची कड) दिसेल असं माप घ्या. हिरडी बाजूला सारणारी कॉर्ड टाकायचा आळस केला तर तो पाच वर्षांनी कीड होऊन परत येतो. तात्पुरती कॅप काळजीपूर्वक करा, कारण हिरड्या बऱ्या होतात त्या तिच्याखालीच.

तोंडातून डिजिटल माप घेणाऱ्या स्कॅनरबद्दल आणि झिर्कोनियाच्या कॅपबद्दल विचारतात, म्हणून सांगतो. शिका, जरूर शिका. पण स्कॅनर दाताची कापलेली कड जशी आहे तशीच पाहतो. वाईट कड तो जास्त स्पष्ट दाखवतो, सुधारत नाही.

इम्प्लांट

स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी टायटेनियम हाडाला धरतं हे ओळखलं आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. तेव्हापासून तंत्र खूप पुढे गेलं. तरी क्रम तोच आहे: आधी दात कुठे हवा ते ठरवायचं, मग इम्प्लांट कुठे जाईल ते. दात कुठे हवा हे तुम्ही कवळीची मांडणी करताना शिकलेले असता. म्हणून मी कवळीचा एवढा आग्रह धरतो. ट्राय-इन केलेली मांडणीच रेडिओग्राफिक स्टेंट (एक्स-रे काढताना घालायचा साचा) होते, तीच पुढे सर्जिकल गाईड होते.

पीजीत एकट्या दाताच्या इम्प्लांटपेक्षा खालच्या जबड्यात दोन इम्प्लांटवरची ओव्हरडेंचर (इम्प्लांटवर अडकणारी कवळी) करायचा प्रयत्न करा. २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्या पेशंटसाठी हाच पहिला पर्याय असावा असं सुचवलं होतं. "खालची हलते" या तक्रारीला इतकं सरळ उत्तर दुसरं नाही. अर्थात खर्चाचा प्रश्न आहेच. सरकारी कॉलेजात येणाऱ्या बहुतेक पेशंटना दोन इम्प्लांटही परवडत नाहीत, म्हणून साध्या कवळीची गरज कमी होणार नाही.

मधुमेह आणि तंबाखू आधी विचारा. "सोडली" म्हणाले तर कधी सोडली तेही विचारा. बऱ्याचदा उत्तर "काल" असतं.

टाळू गेलेला पेशंट

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तोंडाचा कॅन्सर त्यामुळे थांबलेला नाही. तंबाखू-चुना आणि मिश्री तर घराघरांत आहेच. वरच्या जबड्याचा भाग कापून काढला की तोंड आणि नाक एक होतं. पाणी नाकातून येतं, बोललेलं कळत नाही, माणूस चारचौघांत जेवायचं सोडतो. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने असे पेशंट एकदम वाढवले. चाळिशीतले, कमावते, बरेचसे मधुमेही. तेव्हा राज्यातल्या प्रॉस्थो विभागांनी ऑब्ट्युरेटर करून दिले.

म्हणूनच कॉलेज निवडताना कॅन्सर हॉस्पिटलशी संबंध पाहा म्हणालो. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. काही दिवस तिथे निरीक्षणासाठी जाता येतं का, हे पहिल्याच वर्षी चौकशी करून ठेवा.

कामाचा क्रम असा. ऑपरेशनच्या आधी सर्जनबरोबर बसा, कापायची रेषा कास्टवर आखून घ्या आणि सर्जिकल ऑब्ट्युरेटर आधीच तयार ठेवा. तो टेबलावरच बसवला की पेशंट शुद्धीवर येताच गिळू शकतो. रेडिएशन ठरलेलं असेल तर काढायचे दात आधीच काढा आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळतील असं बघा. नंतर काढले तर हाड सडण्याचा धोका असतो. मग जखम आकसत जाईल तसा तात्पुरता ऑब्ट्युरेटर बदलत राहायचा. कायमचा काही महिन्यांनी, जखम स्थिरावल्यावर. त्याचा फुगीर भाग आतून पोकळ ठेवा, नाहीतर वजनानेच खाली येतो. तोंड कमी उघडत असेल तर हे सगळं दुप्पट अवघड होतं, म्हणून तोंड उघडायचे व्यायाम पहिल्या भेटीपासून.

तपासायची रीत सोपी आहे. बसवल्यावर पेशंटला एक घोट पाणी द्या आणि 'बाबा' म्हणायला लावा. हवा नाकातून गेली तर 'मामा' ऐकू येतं.

थीसिस

डीसीआयच्या (भारतीय दंत परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत सिनॉप्सिस (विषयाचा आराखडा) जाते आणि शेवटच्या परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध. मधले दिवस भराभर जातात. इन-व्हिट्रो (पेशंटशिवाय, प्रयोगशाळेतला) विषय घेणार असाल तर सिनॉप्सिस लिहायच्या आधी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन चालू आहे का आणि ते बाहेरच्यांना देतात का, हे विचारून या. पेशंटवरचा अभ्यास असेल तर पाठपुरावा सहा महिन्यांपेक्षा लांब ठेवू नका. पेशंट मुंबई-पुण्याला मुलाकडे निघून जातात. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी करावी लागते, नंतर चालत नाही. संख्याशास्त्रज्ञाला नमुन्यांचा आकडा ठरवण्यापूर्वी भेटा. विषय लहान घ्या. जगाला नवीन सांगायची संधी पुढेही मिळते.

परीक्षा

मूलभूत विषयांचा १०० गुणांचा पेपर पहिल्या वर्षाअखेरीस असतो. तिसऱ्या वर्षाअखेर शंभर-शंभरचे आणखी तीन. त्यातला शेवटचा निबंधांचा, तीनपैकी दोन. प्रॅक्टिकल २०० गुणांचं आणि तोंडी १००, त्यातले २० शिकवण्याच्या कौशल्याला. त्यासाठी ऐनवेळी दिलेल्या विषयावर आठ-दहा मिनिटं बोलायचं असतं, त्याची सवय दर आठवड्याच्या सेमिनारमध्ये होते.

पेपर लिहून होतात. रात्रीची झोप उडवतो तो परीक्षेचा पेशंट. चांगलं हाड असलेला, शांत स्वभावाचा, फोन उचलणारा आणि कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर राहणारा पेशंट सहा महिने आधी हेरून ठेवा. एक राखीवही ठेवा. आमच्या बॅचमधल्या एकाचे आजोबा परीक्षेच्या आदल्या दिवशी दिंडीबरोबर पंढरपूरला निघून गेले. "माउलींनी बोलावलं" म्हणाले, त्यावर काय बोलणार! राखीव आजींनी त्याला पास केलं. पेशंटच्या येण्याजाण्याचा, चहा-नाश्त्याचा खर्च तुमचा. आणि परीक्षा झाल्यावर कवळी पूर्ण करून द्यायची, अर्धी सोडायची नाही. हे सांगायला लागू नये, पण सांगावं लागतं.

तीन वर्षांत केलेल्या केसेसही परीक्षकांना दाखवायच्या असतात. म्हणून फोटो पहिल्या दिवसापासून एकाच कोनातून, एकाच पार्श्वभूमीवर काढा आणि दोन ठिकाणी साठवा. पेशंटची लेखी संमती त्याच फायलीत असू द्या.

डिग्री हातात आल्यावर

महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत जास्तीच्या पात्रतेची नोंद करा, मगच बोर्डावर लिहा. पुढे तीन वाटा दिसतात: कॉलेजात शिकवणं, स्वतःचं क्लिनिक, किंवा कन्सल्टंट म्हणून गावोगाव फिरणं. बहुतेक जण पहिली काही वर्षं तिन्ही थोडं थोडं करतात. सोमवार ते शुक्रवार कॉलेज, शनिवारी कराड, रविवारी फलटण.

कन्सल्टंटचं काम घेताना पैशाआधी दुसऱ्या गोष्टी ठरवा. लॅब कोण निवडणार, आणि काम परत करावं लागलं तर लॅबचं दुसरं बिल कोण भरणार. उपचाराची दिशा तुम्ही ठरवणार की त्या डॉक्टरांनी आधीच पेशंटला "सहा इम्प्लांट" सांगून ठेवलंय. रिकॉलला (नंतरच्या तपासणीला) पेशंट कुठे येणार. हे फोनवर न ठरवता एका कागदावर लिहून घ्या. आणि स्वतःचा आर्टिक्युलेटर, फेसबो, ग्रीनस्टिक आणि शेड गाईड यांची बॅग सतत तयार ठेवा. दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये पोचल्यावर फेसबोचा एक स्क्रू सापडत नाही आणि बाहेर कोपरगावहून आलेल्या आजी थांबलेल्या असतात, तेव्हा त्या दिवशी फेसबो झालाच नाही असं होतं. म्हणून त्या बॅगेत दोन जादा स्क्रू टाका.